मंडळीची पत्रिका मांडताना

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीची मासिक पत्रिका आठ पानांची. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानं कायम चारच्या पटीत. मजकूर साडेसात पानांचा भरला की उरलेल्या अर्ध्या पानाचं काय करायचं हा प्रश्न येतोच, आणि कमिटीत सगळे एका सुरात सांगतात: एखादं वचन टाका, वेलबुट्टी टाका, पण जागा भरून काढा. मी ती मोकळी ठेवते. पत्रिका देखणी दिसावी असं सगळ्यांनाच वाटतं. माझ्या मते ते देखणेपण, आपण पानावर कुणासाठी जागा ठेवली, यावर ठरतं.

सगळ्यांत मन लावून वाचणारी माणसं आमच्याकडे सत्तरीपुढची आहेत. ज्यांना भक्तीला येणं जमत नाही, पाळकसाहेब ज्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जातात, त्यांच्या हातात पत्रिका पडली की ती पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचली जाते. अक्षराचा आकार मी त्यांच्या डोळ्यांना विचारून ठरवते: मजकूर चौदा पॉइंट, ओळ एकवीसची. देवनागरीला उभी जागा जास्त लागते. वर मात्रा, वेलांट्या, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजी मजकुरासाठी आखलेलं ओळींमधलं अंतर तसंच राहू दिलं, तर वरच्या ओळीतल्या ‘प्रभू’चा ऊकार खालच्या ‘पौला’च्या मात्रांत जाऊन अडकतो. चष्म्याच्या जाड काचेतून वाचणाऱ्याला तिथे थांबावं लागतं, आणि दोन-तीनदा थांबावं लागलं की अंक बाजूला पडतो.

ही लिपी छापणं सोपं कधीच नव्हतं. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक ठसे घडवले. आणि 1842 मध्ये आमच्याच नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, ज्याच्या मराठी विभागाचं संपादन नंतर रेव्हरंड टिळकांनी केलं. अशा गावात बसून आपण ‘प्राथर्ना’ छापू शकत नाही. पण ते छापलं जातं! जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार एक घर सरकतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. यंत्राला ते दिसत नाही, म्हणून प्रूफ कागदावर काढून, बोट ठेवून वाचावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट: सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडली, तर बऱ्याच फॉन्टांत आपला पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. ज्यांनी पाटीवर ती गिरवली त्यांना पान ओळखीचं वाटतं. का, ते त्यांना सांगता येणार नाही.

मांडणी कितीही नेटकी केली तरी ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ या वाक्याला कुणी वाचवू शकत नाही. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल, सगळीकडून हेच वाक्य येतं. मग मी फोन करते. स्वयंपाक कुणी केला? गीत कोणतं म्हटलं? पाऊस आला तेव्हा लोक कुठे बसले? हंगामाच्या सणाचा वृत्तांत असाच चार ओळींचा आला होता. विचारल्यावर कळलं की लिलावात एक भोपळा पाच घरांनी विकत घेतला आणि प्रत्येकानं तो पुन्हा लिलावाला परत दिला. मथळा तिथेच मिळाला: ‘एक भोपळा, पाच वेळा विकला’. त्या महिन्यात, एरवी पत्रिका हातातही न घेणारी मुलंसुद्धा ती पाहत उभी राहिली.

फोटोंचंही तसंच. वेदीपुढे चाळीस जण ओळीनं उभे राहिले की छापलेल्या पानावर एकेक चेहरा मोहरीएवढा होतो. मला कुणी पोळ्या लाटताना, कुणी पेटीचा भाता सारताना काढलेला फोटो हवा असतो. साध्या कागदावर शाई पसरते, म्हणून छपाईला देण्याआधी फोटो थोडा उजळ करते. न केल्यास सावळे चेहरे काळ्या डागात हरवतात. आपल्याच माणसांचे चेहरे असे हरवलेले मला सहन होत नाहीत. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. प्रार्थनेच्या यादीत नाव घरच्यांच्या संमतीनं येतं आणि आजाराचं नाव येत नाही, ‘सर्वांना ठाऊकच आहे’ असं कुणी म्हटलं तरीही.

रंग एकच परवडतो, काळ्याच्या जोडीला. तो उपासनेच्या वर्षाप्रमाणे बदलते: आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, मधल्या लांब काळात हिरवा. नावाची पट्टी आणि मथळे, एवढ्याच ठिकाणी. पांढऱ्याची वेळ आली की, म्हणजे नाताळला आणि ईस्टरला, पट्टीतला रंगच काढून टाकते आणि नाव कोऱ्या कागदावर काळ्या ठळक अक्षरांत बसवते.

अलीकडे पीडीएफ व्हॉट्सअॅपवर जाते म्हणून छपाई बंद करावी, असा विषय कमिटीत निघतो. मी दोन्ही करते, पण वेगवेगळं. छापील पान तसंच फोनवर पाठवलं तर बोटांनी ताणताणून वाचावं लागतं. फोनसाठी मी अरुंद, एका रकान्याचं पान निराळं लावते. छपाई मात्र मी सोडू देणार नाही. यंदाच्या नाताळ अंकात मधल्या जोडपानावर कॅरल फेरीचं वेळापत्रक आहे. पिन मारलेल्या अंकात समोरासमोरची दोन पानं अखंड एकाच कागदाची असतात ती फक्त मध्यावर. पिन उचकटली की तो कागद सुटा होतो आणि फ्रिजवर लावता येतो: कोणत्या रात्री कोणती गल्ली, आणि शेवटी चहा कुणाच्या घरी.