साठ हर्ट्झ पुरे, असं मी म्हणायचे

डोळ्यातल्या पडद्यावरची प्रतिमा वस्तू समोरून हलल्यावरही सेकंदाच्या सोळाव्या भागापर्यंत टिकते. दहावीच्या विज्ञानात हे दृष्टिसातत्य म्हणून येतं आणि अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी ते पाठ असल्यासारखं सांगत आले. यावरून माझा हिशेब असा होता: सेकंदाला सोळा चित्रं दाखवली की हालचाल सलग दिसते, सिनेमा चोवीस दाखवतो, साधा मॉनिटर साठ दाखवतो. म्हणजे साठ हीच चैन झाली. 144 हर्ट्झचा मॉनिटर ही पैसेवाल्या पोरांची हौस, आणि ज्याच्याकडे दहा हजार रुपये आहेत त्याने ते इंचांवर घालावेत, हर्ट्झवर नाही.

हे मत मी घरापुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मी स्वतः कॉम्प्युटर गेम खेळते. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग 1999 मध्ये आला तेव्हापासून सुटलेला नाही. त्यामुळे लाखनी-साकोलीकडून कॉलेजला येणारी पोरं ‘मॅडम, कोणता घेऊ?’ म्हणून मला विचारतात. त्यांना मी बिनदिक्कत सांगायचे, मोठा घ्या, साठचा घ्या, उरलेल्या पैशांत रॅम वाढवा.

मग आमच्याच मॉनिटरवर वेळ आली. स्क्रीन काळी, पण टॉर्च तिरका धरला की मागे चित्र पुसट दिसायचं. पॅनेल जिवंत होतं, मागचा उजेड गेला होता. जुन्या मॉनिटरमध्ये हा उजेड एलईडीचा नसून बारीक फ्लोरोसंट नळ्यांचा असतो. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, आता याची लाइट भेटत नाही. भेटली तरी मजुरीत नवा अर्धा येते.’’

माझा भाचा कॉलेजसाठी माझ्याकडेच राहतो. कॉम्प्युटर एक, खेळणारी माणसं दोन. बहिणीचं घर मोहाडी तालुक्यात, शेती धानाची. केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे आले तेव्हा तिने काही पैसे पाठवले, उरलेले मी घातले. दहा हजारांच्या वर जायचं नाही, हे तिघांत ठरलं. मी 27 इंचाचा साठ-पंचाहत्तर हर्ट्झवाला पाहून ठेवला. भाच्याला 24 इंचाचा 144 हर्ट्झवाला हवा होता. मी त्याला सोळाव्या भागाचं सगळं ऐकवलं. तो वाद घालणाऱ्यातला नाही. ‘‘मावशी, तू एकदा बसून तं पाह्य ना,’’ एवढंच म्हणाला.

भंडाऱ्यातल्या एका दुकानात तसा मॉनिटर चालू होता. दोन वेगळे मॉनिटर शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नसतो. पॅनेल वेगळं, रंग वेगळे, आपण काय तोलतो आहोत तेच कळत नाही. म्हणून मी दुकानदाराला त्याच मॉनिटरची सेटिंग आधी 60 वर आणायला लावली. मजकुराने भरलेली एक खिडकी माउसने धरून आडवी ओढली आणि ओढता ओढता वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं फरफटली. 144 वर तीच खिडकी तशीच ओढली, आणि मी वाचू शकले. माझ्या विषयात याला समाधानकारक पुरावा म्हणत नाहीत, म्हणून पाठ फिरवली आणि भाच्याला, मला न सांगता, सेटिंग बदलायला लावली. साठ कोणता, हे दर वेळी ओळखता आलं. शंभर कोणता आणि 144 कोणता, हे मात्र खात्रीने सांगता येईना. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतेच.

घरी येऊन कागद घेतला, तेव्हा कळलं की सोळाव्या भागाचं विधान खोटं नाही. ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सुट्या चित्रांतून हालचालीचा भास कधी होतो, एवढंच ते सांगतं. ती हालचाल किती स्वच्छ दिसते आणि हाताला किती लवकर जाणवते, याबद्दल ते काहीच बोलत नाही. सिनेमाचाही आधार नीट तपासला तर टिकत नाही. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये पडदा काळा-उजळा होताना डोळ्याला टोचू नये म्हणून फिरती झडप एकच चित्र दोनदा, काही यंत्रांत तीनदा दाखवते, म्हणजे चोवीसचे अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर झोत होतात. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेलं प्रत्येक चित्र हालचालीत आधीच थोडं पुसट झालेलं असतं, आणि ते पुसटपणच पुढच्या चित्राला जोडून घेतं. गेमचं प्रत्येक चित्र मात्र कोरीव, धारदार असतं. आणि सिनेमातल्या नायकाला आपण उजवीकडे वळवत नसतो.

गंमत म्हणजे याचा अर्धा पुरावा माझ्याच आठवणीत होता. जाड काचेच्या जुन्या मॉनिटरवर, ट्यूबलाइटखाली, साठ हर्ट्झ ठेवले की डोकं दुखायचं. मी ओळखीच्या सगळ्यांचे मॉनिटर 85 वर नेऊन द्यायचे. मग सपाट एलसीडी आले, लुकलुकणं गेलं, आणि त्याबरोबर हर्ट्झचा प्रश्नच संपला असं मी धरून चालले. पण लुकलुकणं ही एक भानगड आहे आणि फरफट ही दुसरी. जुन्या नळीवर प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझायचा. एलसीडी एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो. तोवर आपला डोळा मात्र वस्तूमागे सरकतच असतो, आणि थांबलेलं चित्र सरकत्या डोळ्यावर पसरतं.

आकड्यांत सांगायचं तर, एखादी गोष्ट सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने सरकते आहे असं धरा. साठ हर्ट्झवर एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, म्हणजे 16 पिक्सेलची फरफट. 24 इंची फुल एचडीवर चार मिलिमीटरहून जास्त. बारीक अक्षर तेवढ्यात गडप होतं. 144 वर ती सात पिक्सेलच्या आत येते. त्यामुळे हे फक्त बंदूकवाल्या गेमचं प्रकरण नाही. माझ्या एज ऑफ एम्पायर्समध्ये नकाशा कडेकडेने सरकवताना गावकरी कुठे आणि सैनिक कुठे ते कळायचं नाही. मी ते वयावर ढकलत होते.

आता ती दुसरी गोष्ट. खोक्यावर हर्ट्झ लिहितात, डोळ्याला कळतो वेळ, आणि हे दोन्ही एकमेकांच्या व्यस्त प्रमाणात असतात. 60 वरून 100 वर गेलं की प्रत्येक चित्रामागे 6.7 मिलिसेकंद वाचतात. 100 वरून 144 वर गेलं की तीन. 144 वरून 240 वर, म्हणजे तब्बल 96 हर्ट्झ वाढवून, तीनही नाहीत. खोक्यावरचा आकडा आणि किंमत वर चढत जातात, पदरात पडणारं कमी कमी होत जातं. सगळ्यात मोठा घास पहिल्याच पायरीवर आहे, आणि ती पायरी आज दहा हजारांच्या आत बसते. ज्याला मी पैसेवाल्यांची हौस म्हणत होते त्यातला मोठा वाटा तंगीतल्या माणसाच्या आवाक्यात आहे. पैसेवाला त्यापुढच्या मिलिसेकंदांसाठी पैसे मोजतो. माझं मत बदललं ते इथे, दुकानात नव्हे.

इंचांचंही पारडं फिरलं. फुल एचडीचे तेच वीस लाख पिक्सेल 27 इंचांवर ताणले की इंचाला 82 पडतात, 24 वर 92. हातभर अंतरावर बसणाऱ्याला 27 वर दाणे दिसतात. ते टाळायला 1440 ओळींचा घ्यावा, तर ग्राफिक्स कार्डाला पावणेदोन पटींहून थोडे जास्त पिक्सेल रंगवावे लागतात, आणि आमचं कार्ड जीटीएक्स 1650. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमात ते सेकंदाला शंभर चित्रांच्या वर सहज जातं, जड गेमात पन्नास-साठवर धापा टाकतं. तिथे फ्रीसिंक कामी येतं: मॉनिटर ठरलेल्या ठेक्यावर न चालता कार्डाचं चित्र तयार होण्याची वाट पाहतो, त्यामुळे चित्र मधोमध फाटत नाही. एनव्हिडियाने जानेवारी 2019 पासून जीटीएक्स 10 आणि त्यापुढच्या कार्डांना हे खुलं केलं. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. एवढं पाहून घ्यावं.

पॅनेलच्या प्रकारांत मी फार रमले नाही. टीएन बाजूने पाहिलं की रंग बदलतो, आणि आमच्याकडे खुर्च्या दोन. व्हीएचा काळा रंग सुरेख, पण स्वस्त व्हीए अंधारातल्या दृश्यात काळ्यातून करड्यात जाताना रेंगाळतो, म्हणजे हर्ट्झने वाचवलेलं तिथेच घालवतो. आयपीएस घेतला. 24 इंची, 144 हर्ट्झ, भंडाऱ्यातूनच. ऑनलाइन थोडा स्वस्त होता. पण ‘घरपोच सेवा’ आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे विचारल्यावर सगळीकडून सरळ उत्तर येत नाही, आणि बिघडलेला मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीने नागपूरच्या बर्डीला जाण्याची माझी तयारी नाही.

घरी जोडल्यावर तो साठवरच चालू झाला. विंडोजमध्ये जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. हे सांगायला कोणी येत नाही, आणि 144 चे पैसे देऊन साठवर खेळणारी घरं आपल्या जिल्ह्यात किती असतील याची मला धास्ती वाटते. जुनी एचडीएमआय केबल आणि जुनं पोर्ट असेल तर पूर्ण आकडा यादीत दिसेलच असंही नाही. तिथे डिस्प्लेपोर्टची केबल बरी.

बाकी माझी मतं जागच्या जागी आहेत. खोक्यावरचा ‘1 एमएस’ मी मनावर घेत नाही. तो आकडा कशात मोजला हे बारीक अक्षरांत असतं, आणि बहुतेक वेळा तो पॅनेलचा वेग नसून उजेड मध्येमध्ये विझवून मिळवलेला असतो. या किमतीतलं एचडीआर हे निव्वळ स्टिकर आहे: व्हेसाच्या एचडीआर मानकाच्या सगळ्यात खालच्या पायरीला 400 निट उजेड लागतो, आणि हे मॉनिटर अडीचशे-तीनशेच्या पुढे फारसे जात नाहीत. 24 इंचांना बाक कशाला लागतो, तेही मला कळलेलं नाही.

भाचा हल्ली 240 ची भाषा करतो. मी त्याला कागदावर भागाकार करून दाखवला. ‘‘मावशी, तू बसून तं पाह्य ना,’’ तो म्हणाला. या वेळी मी आधी ग्राफिक्स कार्डाची किंमत विचारली.