पहिली तबकडी

फराळाच्या ताटात आधी चकली उचलावी की करंजी, हे कुणी कुणाला शिकवीत नाही. पाहुणा हात पुढे करतो, त्याच्या बोटांना जे रुचेल ते उचलतो, आणि घरची बाई तेवढ्यावर प्रसन्न होते. पण तोच पाहुणा उठता उठता सहज बोलून गेला की, "कुमार गंधर्वांचं गाणं एकदा नीट ऐकायचं आहे हो, सुरुवात कुठून करू?" तर मात्र त्या घरात ऐन दिवाळीत शिमगा सुरू होतो. निदान आमच्या घरात तरी होतो. कारण आमच्याकडे या बाबतीत दोन पीठे आहेत. एक अकोल्याचे आणि दुसरे अमरावतीचे.

अकोल्याच्या पीठावर आमचे साडू विराजमान आहेत. त्यांचा सारा जन्म कापसाच्या बाजारात एका अडत्याच्या दुकानी हिशेब लिहिण्यात गेला. कापसाचा पुंजका बोटांत धरून, हलकेच ओढून त्याचा धागा किती लांब हे ते सांगत असत. तीच सवय त्यांनी गाण्यालाही लावली आहे. त्यांचा क्रम ठरलेला. आधी राग. त्यातही आधी भीमपलास, मग श्री, मग मारवा. हे अंगवळणी पडले की मग कुमारांनी स्वतः शोधून काढलेले राग: संजारी, मधसुरजा, लगनगंधार. आणि अगदी शेवटी, झालीच तर, भजने व भावगीते. "गोड आधी खाल्लं की भूक मरते, मास्तर," हे त्यांचे ब्रह्मवाक्य.

अमरावतीचे पीठ माझ्या थोरल्या बहिणीचे. ताईचे भजनी मंडळ आहे, आणि तिच्या मते जो निर्गुणी भजनांपासून सुरुवात करीत नाही त्याची सुरुवात झालीच नाही. तिचे म्हणणे अगदीच भाबडे नाही. ती म्हणते, आपल्या वऱ्हाडाचा कान कुणी तयार केला? तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आणि गाडगेबाबांच्या कीर्तनाने. मोझरीच्या गुरुकुंजात ज्याने एक संध्याकाळ काढली, त्याला कबीराचे पद परके कसे वाटेल? कुमारांनीही ती भजने काही पुस्तकातून उचलली नाहीत. माळव्यात नाथपंथी जोगी आणि भजनी लोक कबीराची पदे गात हिंडतात; ती ऐकून, त्यांतला तो रानवट, एकटा सूर त्यांनी बैठकीत आणला. "मग गावाकडच्या माणसाने गावाकडच्या वाटेनेच जावं की नाही?" असे ताई विचारते. साडू यावर चष्मा पुसतात.

या दोघांच्या मधोमध, म्हणजे अक्षरशः मधोमध, माझी जागा आहे. अकोल्याहून रेल्वेने अमरावतीकडे निघाले की वाटेत मूर्तिजापूर लागते. तेथून एके काळी शकुंतलेची छोटी गाडी एका अंगाला अचलपूरकडे आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळकडे धावत असे. या मूर्तिजापुरात ११ सप्टेंबर १९०१ रोजी आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, जन्माला आले. 'फुलवात' आणि 'पेर्ते व्हा' लिहिणारे, 'दशपदी' हा नवा आकृतिबंध मराठीला देणारे आणि १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले अनिल. कुमारांनी त्यांच्या 'अजुनी रुसून आहे' आणि 'आज अचानक गाठ पडे' या कवितांना चाली दिल्या आणि त्या स्वतः गाइल्या. राग कळो न कळो, शब्द आपल्या भाषेतले आहेत आणि ते लिहिणारा आपल्याच रूळावरच्या गावचा आहे. म्हणून मी म्हणत आलो, मूर्तिजापूर हे जंक्शन आहे. येथे गाडीत बसा आणि हवे तिकडे जा.

पण या भांडणात कुमारांनी स्वतः सुरुवात कुठून केली होती, हे विचारायचे राहूनच जाते. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी जन्मलेले हे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. त्यांच्या लहानपणी गाणे दूरदूर पोचत होते ते तबकडीवरून. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मोठमोठ्या गवयांनी आपला पसाऱ्याचा राग घडी घालून त्या तीन मिनिटांत बसवावा आणि ते या मुलाने ऐकून जसेच्या तसे, हरकती-मुरक्यांसकट म्हणून दाखवावे, असा तो चमत्कार होता. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला त्या कोवळ्या वयातच मिळाली. पुढे अकरा-बारा वर्षांचे असताना ते मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे आले, आणि ज्याने दुसऱ्यांची गाणी हुबेहूब म्हणून नाव मिळवले त्याने ती नक्कल टाकून दिली. एवढी टाकून दिली की पुढे कोणत्याच घराण्याला हा गवई पुरता आपला म्हणता आला नाही. पहिली तबकडी माणसाला आत घेते, बांधून ठेवीत नाही, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

आता ज्या कारणासाठी हे सारे लिहायला बसलो, त्याकडे वळतो.

माझा एक जुना विद्यार्थी अकोल्यात मोटारींच्या गॅरेजात काम करतो. शाळेत असताना त्याचे लक्ष पुस्तकात कमी आणि खिडकीबाहेरच्या ट्रॅक्टरच्या आवाजात अधिक. आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखायचा. पोर गुणी. दिवाळीला अजून सात-आठ महिने होते, तेव्हा त्याला क्षयाचे निदान झाले. आता पूर्वीसारखी भीती राहिलेली नाही. सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या की बहुतेक माणूस उठून कामाला लागतो. पण ते सहा महिने ज्याचे त्याला काढावे लागतात. आई कामावर जाई, धाकटी बहीण शाळेत, आणि हा पत्र्याच्या खोलीत एकटा. शेजारी येईनासे झाले होते. एके दिवशी त्याचा मला फोन आला.

"सर, दिवस जात नाही. तुमी वर्गात ते एक गानेवाले सांगत होते ना, आपल्या मूर्तिजापूरच्या कवीचं गानं गानारे, ते सांगा मले. समजत काई नाही मले त्यातलं, पन आयकून पाहातो. सुरू कुठून करू?"

प्रश्न तोच, पाहुण्याचा. पण या वेळी मला त्यातले दुसरेच वाक्य ऐकू आले. 'समजत काई नाही मले.' हे वाक्य आपल्याकडे फार माणसे बोलतात. ज्यांनी पुढचे शिक्षण घेतले नाही ती तर हटकून बोलतात, आणि मॅट्रिकवर थांबलेला मी ते पुष्कळदा मनातल्या मनात बोललो आहे. गाण्याच्या दारात चपला काढतानाच माणूस आपली लायकीही काढून ठेवतो. अशा माणसाला यादी हवी असते असे आपल्याला वाटते. त्याला परवानगी हवी असते. ऐकले तर चालेल ना, आवडले नाही तर कुणी हसणार नाही ना, एवढेच तो विचारीत असतो.

मी साडूंना कळविले. त्यांनी दुसऱ्या दिवशी नऊ रागांची यादी धाडली, प्रहरवार. ताईने चार भजने कळविली. दोन्ही कागद मी खिशात ठेवले आणि त्या मुलाच्या फोनवर तीनच गोष्टी पाठविल्या: एक निर्गुणी भजन, अनिलांचे एक गाणे आणि कुमारांनी गाइलेले एक माळव्याचे लोकगीत. सोबत लिहिले, यांना क्रम नाही. नको वाटले तर मधेच बंद कर.

एक गोष्ट मात्र मी जाणूनबुजून सांगितली नाही. कुमारांनाही हाच आजार झाला होता. १९४७ साली लग्न झाले आणि थोड्याच काळात क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८च्या आरंभी ते माळव्यात देवासला जाऊन राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते, त्याने जीव वाचला. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले आणि सुमारे पाच वर्षे गाणे बंद. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. बिछान्यावर पडल्या पडल्या कानांवर यायची ती माळव्याची लोकगीते आणि जोग्यांची भजने. त्या मुक्या वर्षांतून जे उगवले ते पुढे जगाने ऐकले. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ आला, १९९०मध्ये पद्मविभूषण मिळाले. गोष्ट मोठी धीराची आहे. पण आजारी माणसाला अशी गोष्ट सांगितली की ते गाणे राहात नाही, काढा होतो. "ते बघ कसे उठले, तूही ऊठ" हे त्या पोराला सगळे जण सांगतच होते. मला त्याच्यासाठी निखळ गाणे हवे होते.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. म्हणाला, "मूर्तिजापूरवाल्याचं बरं आहे, पन लय हळू आहे." मी मनात म्हटले, गेले जंक्शन! भजन त्याने दोनदा ऐकले होते. पण माळव्याचे ते लोकगीत रोज ऐकत होता, कारण त्याची आजी लग्नात गायची तसे काहीसे त्यात होते. आणि मग थोडा थांबून त्याने विचारले,

"सर, एक सांगा. या मानसाचा श्वास मधातच सरते का मुद्दाम थांबते? मले दम लागला की मीबी असाच बोलतो. दोन शब्द, मंग थांबा. मंग दोन शब्द."

फोन हातात धरून मी बराच वेळ गप्प बसलो. कुमारांच्या छोट्या छोट्या, फेकलेल्या, मधेच सोडून दिलेल्या सुरावटींविषयी जाणकारांनी किती लिहिले आहे! मोठ्या दमाची तान घेणे अवघड झाले, म्हणून त्यांनी लहान स्वरवाक्ये घेतली आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेलाही अर्थ दिला, असे सांगतात. हे सारे वाचून मला ठाऊक होते. त्या मुलाला ते आपल्या छातीवरून कळले होते, ज्या कानाने तो इंजिनाचे दुखणे ओळखायचा त्याच कानाने. 'समजत काई नाही' म्हणणाऱ्याने असा प्रश्न विचारावा!

मग मी त्याला देवासची गोष्ट सांगितली. आता ती सांगणे योग्य होते, कारण आता तिचा प्रश्न त्याच्याकडून आला होता. सगळे ऐकून घेऊन तो एवढेच म्हणाला, "मंग बराबर आहे." गॅरेजात गाडीतला दोष सापडला की म्हणतात ना, तसे.

हे मी साडूंना सांगितले. मला वाटले, आता पुन्हा यादीवर वाद होईल. पण ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "मास्तर, माझ्या कागदावरचा मारवा त्याला इतक्यात देऊ नका. दिवस मावळताना एकट्या माणसाला मारवा झेपत नाही." गेली कितीतरी वर्षे हा गृहस्थ रागांचा क्रम लावीत आला होता, त्या दिवशी प्रथमच त्यांनी क्रम सोडून ऐकणाऱ्याकडे पाहिले. ताईनेही तिची चार भजने परत मागितली नाहीत, पण आधी त्या पोराच्या आईची विचारपूस केली.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी कुणीतरी विचारील. गवयाचे नाव वेगळे असेल, कदाचित लतादीदी असतील, भीमसेन असतील, सुरेश भटांच्या गझला असतील. प्रश्न हाच असेल. तुमची यादी जरूर करा, ती करण्यातही सुख आहे. पण ती देण्यापूर्वी त्याला विचारा की, बाबा, तू एकटा असताना काय गुणगुणतोस? तुझ्या आजीच्या गाण्यातले काय तुला आठवते? त्याच्या उत्तराजवळचे एखादे गाणे त्याला द्या, एकच द्या, आणि जरा बाजूला सरका. आपण ज्या दाराने आत आलो ते आपल्याला प्रिय असते. पण त्या घराला दारे पुष्कळ आहेत, आणि पाहुणा कोणत्या वाटेवरून चालत आला हे त्यालाच ठाऊक असते.

तो मुलगा आता बरा आहे. औषधाचा काळ संपला, तपासणी झाली, आणि नवरात्रापासून तो पुन्हा गॅरेजात जाऊ लागला आहे. परवा त्याचा निरोप आला, "सर, तुमच्या साडूंनी ते राखून ठेवलेलं गानं आता लावू का?" मी तो साडूंना जसाच्या तसा कळविला. उलट टपाली उत्तर आले: "लाव म्हणावे. पण गॅरेज बंद करायच्या वेळी, चार जण सोबत असताना."