शीड आणि शिखर

वेल्सच्या किनाऱ्यावर बार्मथ नावाचे टुमदार बंदर आहे. १९७७ साली येथून एक अजब शर्यत निघाली. पाच जणांचा संघ, शिडाची होडी, आणि वाटेत वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड या तिन्ही देशांची सर्वोच्च शिखरे! कार्नार्वनला उतरून स्नोडन, व्हाइटहेवनहून स्काफेल पाइक, शेवटी फोर्ट विल्यमला १३४५ मीटरांचा बेन नेव्हिस.

वारा पडला की हाती वल्ही. धावणाऱ्या दोघांना होडीत धड झोप नाही, पोटात अन्न ठरत नाही. धक्का आला की डोंगर समोर उभाच! इकडे खलाशांचा जीव टांगणीला. मेनाई सामुद्रधुनीतली भरती-ओहोटीची वेळ हुकली, तर पायांनी कमावलेले तास पाण्यात!

ही कल्पना सुचली ती बार्मथच्याच बिल टिलमनवरून. १९३६ साली आपली नंदादेवी प्रथम सर करणाऱ्या दोघांपैकी हा एक. पुढे होडी हाकारून दूरदूरचे डोंगर गाठणे हाच त्याचा ध्यास. शर्यत सुरू झाली त्याच वर्षी, वयाच्या ७९ व्या वर्षी, तो दक्षिण अटलांटिकवर गेला. परतलाच नाही.

बार्मथहून शिडे मात्र पुन्हा पुन्हा निघत राहिली.