उशिरापर्यंत बसणारे

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी बाळगायच्या आणि दोघांनी मिळूनच तिजोरी उघडायची, हा जुना दंडक. आमच्या शाखेत त्यांतली एक किल्ली बरीच वर्षे एका बाईंकडे होती. त्यांची रोकड वेळेत जुळे; तिजोरी बंद झाली की त्या निघत. आम्ही पुरुष मात्र नंतरही रेंगाळत असू. काम असे तेव्हा, आणि नसे तेव्हाही. साहेब केबिनमध्ये असेपर्यंत उठायचे नाही, यालाच आम्ही कर्तबगारी म्हणत होतो. आमच्या मुलांचा अभ्यास तोवर कोण घेत होते, हा प्रश्न आम्हांला पडला नाही.

बढती आली की बदली आलीच. बाईंनी बढती नाकारली, तेव्हा ‘स्वाभाविक आहे’ असे आम्ही म्हणालो. पुढे आमच्यातल्याच एकाने आजारी आईसाठी ती नाकारली, तेव्हा त्याच्या टेबलावर कोणीतरी बांगड्यांचा डबा ठेवला. आम्ही हसलो. तोही हसला, असे आम्हांला वाटले.

२०१३ साली अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवार स्त्रियांना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवणारा नियमही त्याच बँकेचा. जानेवारी २०२२ मध्ये टीकेनंतर तो स्थगित झाला. त्यामागची समजूत आम्हांला परकी नव्हती. आमचे ‘स्वाभाविक’ ते हेच.

बाईंच्या निरोपसमारंभात आम्ही ‘घर आणि नोकरी’ यांवर भाषणे केली. त्या वेळेवर निघाल्या. साहेब अजून आत होते. आम्ही पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसलो.