निर्लेखनाची यादी

शाळेत जडवस्तूंची नोंदवही असते. तिला सगळे डेडस्टॉकच म्हणतात. खुर्ची मोडली, माठ फुटला, फळ्याला तडा गेला की निर्लेखनाची यादी करायची. वस्तू, नग, किंमत, कारण. खाली सह्या. मी ज्या शाळांवर राहिलो तिथे गोष्टीची पुस्तकंही याच वहीत होती, माठ आणि सतरंजी यांच्या मधे. चंद्रपूर-गडचिरोलीत नोकरी झाली तेवढ्या वर्षांत अशा याद्या पुष्कळ केल्या. ही मात्र कोणी मागितलेली नाही.

लोखंडी पेटी. नग एक. केंद्राची खडू-फळा योजना 1987 मध्ये सुरू झाली. गडचिरोली जिल्हा तेव्हा पाच वर्षांचा होता. 26 ऑगस्ट 1982 ला तो चंद्रपुरातून वेगळा निघालेला. योजनेत शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि सामान मिळायचं होतं: घंटा, ढोलकी, पृथ्वीचा गोल, नकाशे, विज्ञानाची पेटी, आणि मुलांनी वाचायची पुस्तकं. आमच्याकडे हे बंडीतून आलं. घंटा त्याच दिवशी टांगली. ढोलकी पंधरा ऑगस्टला निघाली. पृथ्वीचा गोल साहेब आले की टेबलावर. पुस्तकं पेटीत गेली आणि पेटीला कुलूप लागलं, कारण एक जरी हरवलं तरी पगारातून वसुली होईल ही धास्ती. मी स्वतः अशी वसुली कधी पाहिली नाही. धास्ती मात्र प्रत्येक गुर्जींच्या घरी होती, माझ्याही. एकदा तिसरीतल्या पोराला हिय्या करून एक पुस्तक घरी नेऊ दिलं. दारापर्यंत जाऊन तो परत आला. ‘फाटलं त पैसे द्या लागन का, गुर्जी?’ मी क्षणभर गप्प राहिलो. तेवढ्यात त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं.

पावसाळ्यात तळाला गंज चढला, भोकं पडली, उधई आत शिरली. उधईला सही करावी लागत नाही.

किल्ली. मुख्याध्यापकांची बदली झाली, चार्ज यादीत पेटी होती, किल्ली नव्हती. कुलूप तोडायला परवानगी कोणाची, हे दोन वर्षं ठरलं नाही.

चांदोबा. मुलांचं मासिक, मराठीत 1952 पासून. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर, पंचांग आणि नोकरीच्या जाहिरातींच्या अंकाशेजारी लटकलेला. मूलला, ब्रह्मपुरीला, वडशाला असे स्टॉल होते. बाजाराला आलेला बाप पोराला जिलबी घेई. हाती पैसे असले तर चांदोबा. खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रम शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेला. चित्रातली ती वाट, वाकडी झाडं, मागे लागलेलं अंधाराचं काहीतरी. आमच्या मुलांना ते परक्या देशातलं वाटत नसे. नागभीड सोडलं की असंच रान लागतं. 2013 च्या सुमारास चांदोबा बंद पडला. स्टॉलवर आता चार्जरची वायर आणि गुटख्याच्या माळा.

रशियन पुस्तकं. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं. जाड गुळगुळीत कागद, पानभर रंग, किंमत दोन-तीन रुपये. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 47 ला टेकतो. तिथली मुलं अंगणात बाज टाकून बर्फातल्या कोल्ह्याची गोष्ट वाचत. बर्फ म्हणजे त्यांना गारीगार माहीत. 1991 मध्ये सोव्हिएत संघ हा देशच राहिला नाही, पुस्तकंही आटली.

किशोरची गुंडाळी. बालभारतीचा ‘किशोर’ नोव्हेंबर 1971 पासून निघतो आहे, तेव्हा तो यादीत बसत नाही. संपली ती पोस्टमनच्या झोळीतली, कागदी पट्टीत गुंडाळलेली नळी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटायचं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन अंक एकदमच यायचे. नळी सोडली तरी अंक सरळ होत नसे. दोन मुलं दोन टोकं दाबून धरत आणि तिसरं वाचे. एका अंकावर तीन मुलं. जुने अंक आता संगणकावर फुकट आहेत, चांगली गोष्ट आहे. मोबाईलवर एकच मूल वाचतं, तेही जाहिरात येईपर्यंत.

प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं. पूर्वी गावातलीच माणसं नाटक बसवत, नाटकाचं पुस्तक विकत आणत आणि त्याच्या भूमिकांप्रमाणे नकला काढत. नट शेतावरून दमून आलेले, काहींना अक्षरओळख नाही. मग शाळेतला जो पोट्टा खडखड वाचतो, त्याला कंदिलाजवळ बसवत. तो वाचून दाखवी, मोठी माणसं त्याच्या मागून म्हणत, आणि प्रयोगाच्या रात्री तोच पडद्याआडून वाक्यं पुरवी. पाचवीतल्या मुलानं एक ओळ गाळली तर राजा सिंहासनावर मुका बसे! वाचता येण्याला गावात एवढी किंमत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कोणत्याही वाचन अभियानात तर नाहीच. आता वडशाहून व्यावसायिक मंडळं येतात. नाटक देखणं होतं. पुस्तक त्यांच्या गाडीतून येतं आणि गाडीतूनच जातं.

चिठ्ठी वाचून देणं. पोथी वाचून देणं. घरात एकही पुस्तक नसे, तरी श्रावणात शेजारून पोथी आणून नातवाच्या पुढ्यात ठेवणारी आजी असे. ती चूक काढी. तिला पाठ होतं.

तेंदूपानाची खूण. उन्हाळ्यात मुलं घरच्यांबरोबर मोहाला आणि पुढे तेंदूपत्त्याला जातात. तोडाई चार दिवसांचीच, घरचं सगळं त्यावर. एका एप्रिलमध्ये एका मुलीला मी पुस्तक दिलं, या वेळी नोंद न करताच. जूनमध्ये परत आलं. धुराचा वास, एका पानावर मोहाचा डाग, मधे वाळलेलं तेंदूपान. ‘इथवर वाचलं,’ म्हणाली. पुढचं का नाही? पुढचं आईला ऐकायचं होतं आणि आईला वेळ नव्हता. पुस्तक पुन्हा तिच्याकडेच दिलं. ते कधी परत आलं नाही. माझ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात चांगला हिशेब.

गोटुलातली रात्र. माडिया गावांत मुलं गोटुलात, गावानं एकत्र जमायच्या घरात, गोष्टी ऐकत मोठी झाली, त्यांच्या बोलीत. सकाळी शाळेत मराठी पुस्तक, ज्यातला आगगाडीचा डबा त्यांनी पाहिलेला नाही आणि शब्दही घरचे नाहीत. मुलं वाचनात मागे, असा शेरा आम्ही वर्षानुवर्षं मारला, मीही मारला. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोंडी बालगोष्टीही वाचायला मिळतात. पण गोटुल ओस पडत चालले, आणि तिथल्या गोष्टींचा एक नगसुद्धा कुठल्या नोंदवहीत नाही.

बांबू. हा संपलेला नाही. बल्लारपूरची कागद गिरणी 1945 ची. या जंगलातला बांबू तिथे लगदा होऊन गेला. 2011 मध्ये मेंढा (लेखा)च्या गावकऱ्यांना त्यांच्याच बांबूचे वाहतूक परवाने हातात मिळाले, त्याची देशभर बातमी झाली. कागद वहीच्या रूपानं परत आला, गोष्टीच्या पुस्तकाच्या रूपानं फार थोडा.

बक्षिसाचं पुस्तक. आत चिकटवलेला कागद, प्रथम क्रमांक, शाळेचा गोल शिक्का. आता डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी. कामाच्या वस्तू आहेत, तक्रार नाही. पण डब्यावर लावलेलं नाव पहिल्या धुण्यात जातं.

कमी पटाची शाळा. पट घटला, मुलं शेजारच्या गावी जोडली, इमारतीला कुलूप. सामान बंडीतून जसं आलं तसं पंचायत समितीच्या व्हरांड्यात गेलं. घंटेला लगेच गिऱ्हाईक मिळालं.

शेवटचा तास. दुपारी साडेचार, ऊन उतरलेलं, गुर्जींनी मोठ्यानं वाचायचं, मुलांनी पाय पसरून ऐकायचं. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत. ऑनलाइन माहिती भरायचं काम वाढलं तसा हा तास माझ्या हातून गेला. कोणी काढून घेतला नाही, मीच सोडला. या यादीतली ही एक वस्तू माझ्या नावावर टाका.

दोरीवरची पुस्तकं अजून आहेत. वर्गाच्या दोन भिंतींना सुतळी बांधायची, पुस्तकं मधोमध उघडून कपड्यांसारखी वाळत घालायची. मुखपृष्ठ दिसतं, पोर जाता-येता हात लावतं. किल्ली लागत नाही. पुस्तकं लवकर फाटतात, हा या पद्धतीचा एकमेव दोष अहवालांत लिहिला जातो.

2015 पासून 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. कपाट उघडतं, प्रत्येकाच्या हाती पुस्तक, ओळीत फोटो, फोटो ग्रुपवर, पुस्तकं कपाटात. काही मुलांच्या हातात पुस्तक उलटं असतं, ते फोटोतही दिसतं.

माझं मागणं एवढंच. यंदा फोटो निघाला की पुस्तकं परत गोळा करू नका, घरी जाऊ द्या. मार्चला निर्लेखनाची यादी करायला बसाल तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘उधईने खाल्ले’ ऐवजी ‘मुलांनी वाचून फाटले’ असं लिहा. साहेबांनी विचारलं तर खाली माझी सही घ्या.