छोटा हत्ती आणि दुसऱ्या मजल्यावरचा प्लग

"तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, इलेक्ट्रिक घेऊ का?" बाबांनी विचारलं आणि मला व्हायव्हासारखा घाम फुटला! आमचा डिझेलचा छोटा हत्ती आता थकलाय. 2022 साली आलेल्या इलेक्ट्रिक एसची बॅटरी 21.3 युनिटची, कंपनीच्या कागदावर 154 किलोमीटर. घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर ताशी साधारण 3 युनिट, म्हणजे सात तासांत फुल्ल. गणित सुटलं की राव! पण गाडी उभी राहते चाळीबाहेर रस्त्यावर, आणि प्लग दुसऱ्या मजल्यावर. हायवेला चार्जिंग स्टेशनं वाढताहेत, पण बाबांची खेप मार्केट यार्ड ते गल्लीतली दुकानं. तिथं कोण हायवेला जातंय? खाली मीटर बसवू द्या म्हणून चाळमालकांकडे दोनदा जाऊन आलो. "बघू," म्हणाले. बाबा रोज विचारतात, "काय म्हणाले?"