खड्ड्यापुरता बांबू

विसर्जनानंतर लालबागच्या रस्त्यावर उरतात ते मंडपाचे बांबू उपटलेले खड्डे. २०२५ साली पालिकेने एका खड्ड्याचा दंड २,००० रुपयांवरून १५,००० केला आणि ओरड होताच मागे घेतला. भांडण रकमेवर झालं. या शहरात बांबूच्या वाट्याला जमीन येते ती एवढीच, हातभर खोल आणि थोड्या दिवसांची, हे मात्र बोललं गेलं नाही. गुढीची काठी, कंदिलाच्या काड्या, सूप, परांची आणि शेवटी तिरडी. गिरगाव-परळच्या माणसाला बांबू जन्मभर भेटतो, पण कापलेलाच. उरलीसुरली हौस भागवायला ‘लकी बांबू’ असतोच, जो मुळात बांबूच नव्हे, आफ्रिकेतला ड्रसीना आहे!

तेव्हा आवारात एखादं बेट असावं, हे माझं म्हणणं. पण कशाचं? थंडी सोसणाऱ्या महाकाय बांबूंचं हल्ली कौतुक फार. चिनी मोसो उणे १५ अंशांतही तगतो म्हणे. आणि सांताक्रूझचा नीचांक ७.४, तोही १९६२चा. इथे तो गुण घेऊन करायचं काय? शिवाय ही जात पळती, जमिनीखालून शेजाऱ्याकडे निघणारी. तिचाच भाऊबंद जपानी मादाके. क्योटोजवळच्या यावाताचा मादाके कोळसवून एडिसनने दिव्याची तार केली होती. असो. आपला कोकणातला माणगा बरा: बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, जागच्या जागी बेट धरणारा. कोंब निघतो त्याच जाडीचा राहतो आणि एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. जून काठ्या वेळेवर तोडल्या की भिंतीशी भांडणही नको.

बेटात भुतं असतात, या आक्षेपाला उत्तर नाही. चाळीच्या जिन्यातही असतातच. बांबू फुलला की दुष्काळ, ही भीती मात्र निराधार नाही. मिझोराममध्ये १९५९च्या सुमारास डोंगरच्या डोंगर एकदम फुलले, बियांवर उंदीर माजले, त्यांनी पिकं खाल्ली. त्या उपासमारीतून उभ्या राहिलेल्या संघटनेने १९६६ साली बंड केलं. पण तिथे एकाच जातीचं रान होतं, इथे प्रश्न एका बेटाचा आहे, आणि दादरच्या उंदरांना बांबूच्या बियांची वाट पाहावी लागत नाही.

वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कूळ, म्हणून आपल्याकडे बांबू चुलीत घालत नाहीत. एडिसनने नेमका तोच जाळला आणि उजेड पाडला.